बेंबीच्या देठापाशी

पोटाच्या पुढच्या भिंतीला आतल्या अंगाने, बेंबीपासून खाली मूत्राशयाच्या माथ्यापर्यंत एक बारीक पांढरट दोरी गेलेली असते. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन ती रोज पाहतात. त्यांच्या लेखी ती मध्यरेषेची खूण, त्याहून जास्त काही नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकताना तिच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं. या दोरीचं नाव युरेकस. ही पुस्तिका तिच्यात क्वचित उद्भवणाऱ्या कॅन्सरबद्दल आहे. त्यातही ज्या स्त्रियांमध्ये हा कॅन्सर अंडाशयांत पोहोचतो आणि कधीकधी तिथेच पहिल्यांदा सापडतो, त्यांच्याबद्दल आहे.

आईच्या पोटात असताना ही दोरी नव्हती, नळी होती. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आतड्याचं टोक आणि लघवीची वाट एकाच पोकळीत उघडतात. त्या भागातून एक फाटा नाळेत शिरतो. पुढे मधे पडदा येतो, आतडं मागे आणि मूत्राशय पुढे अशी वाटणी होते. मूत्राशय ओटीपोटात खाली उतरू लागलं की बेंबीशी जोडलेला तो फाटा ताणला जातो, अरुंद होतो आणि गर्भावस्थेच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बुजत जातो. आतड्याशी असलेलं हे जन्मापूर्वीचं नातं लक्षात ठेवावं, कारण पुढची बरीच गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

क्वचित एखाद्या बाळात नळी उघडीच राहते. नाळ पडून गेल्यावरही बेंबी ओली राहते, झबलं भिजतं, त्याला लघवीचा वास येतो. काब्रोल या फ्रेंच शल्यविशारदाने १५५० मध्ये केलेली अशा रुग्णाची नोंद वैद्यकात सर्वांत जुनी मानली जाते. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या नजरेला हे डॉक्टरांच्या आधी पडतं, आणि तिने ते सांगितलं तर उपाय सोपा असतो. पण बंद झालेल्या नळीतही काही उरतंच. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश प्रौढांच्या युरेकसमध्ये, विशेषतः तो मूत्राशयाच्या भिंतीत शिरतो त्या टोकाला, नळीचा सूक्ष्म अवशेष आढळला आहे. म्हणून कोणी धास्तावून जाण्याचं कारण नाही. असे अवशेष कोट्यवधी माणसं आयुष्यभर बाळगतात आणि त्यांचं काहीही बिघडत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला म्हणून झोप उडवून घेऊ नये, एवढं सांगणंही या पुस्तिकेचं काम आहे.

या दोरीकडे गंभीरपणे पाहणारी माणसं मोजकीच झाली. त्यांत जॉन्स हॉपकिन्समधले थॉमस कलन यांचं नाव मी सर्वांत आधी घेईन. त्यांनी १९१६ मध्ये बेंबी आणि युरेकस यांच्या विकारांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. मॅक्स ब्रोडेल यांनी त्यासाठी काढलेली चित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत. कलन स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लघवीच्या आणि बेंबीच्या आजारावर एका स्त्रीरोगतज्ज्ञाने इतकी वर्षं घालवावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढच्या काळात शरीराची वाटणी होत गेली. मूत्राशय एका विभागाकडे गेलं, गर्भाशय आणि अंडाशयं दुसऱ्याकडे, आतडं तिसऱ्याकडे. युरेकस नेमका या तिघांच्या सीमेवर राहिला. १९३० च्या सुमारास न्यूझीलंडमधले कॅम्पबेल बेग यांनी मूत्राशयाच्या माथ्यावर होणारे चिकट स्राव करणारे कॅन्सर युरेकसच्या अस्तरातून उगवतात हे सविस्तर मांडलं, तेव्हा कुठे या आजाराला स्वतःचं घर मिळालं.

हा कॅन्सर किती दुर्मिळ? मूत्राशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. नेदरलँड्समध्ये पॅथॉलॉजीच्या नोंदी देशभर एकत्र ठेवल्या जातात. तिथे १९८९ ते २००९ या काळात मिळून असे दीडशेच्या आसपास रुग्ण सापडले. एखाद्या युरॉलॉजिस्टच्या साऱ्या कारकिर्दीत दोन-चार रुग्ण येतील, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे बहुधा एकही नाही. रुग्ण साधारण पन्नाशीच्या आगेमागे असतात, म्हणजे नेहमीच्या मूत्राशयाच्या कॅन्सरपेक्षा वयाने लहान. पुरुषांचं प्रमाण थोडं जास्त.

नेहमीचा मूत्राशयाचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, त्यामुळे लघवीत रक्त तुलनेने लवकर दिसतं. युरेकसचा कॅन्सर मूत्राशयाच्या भिंतीत किंवा भिंतीबाहेर सुरू होतो. तो वर बेंबीच्या दिशेने, पुढे पोटाच्या भिंतीकडे, मागे पोटाच्या आतल्या आवरणाकडे सरकत राहतो आणि इतका काळ रुग्णाला काही कळत नाही. भिंत पोखरून तो आत शिरला की लघवीतून रक्त जातं. दहांपैकी नऊ वेळा हा ग्रंथिपेशींचा कॅन्सर असतो आणि त्यातले बहुतेक श्लेष्म तयार करतात. त्यामुळे काही रुग्णांच्या लघवीत चिकट, तार धरणारा, पांढुरका पदार्थ दिसतो. थोड्यांनाच दिसतो, पण दिसला तर ती फार मोठी खूण आहे.

इथे मला आपल्याकडच्या बायकांबद्दल थांबून बोलायचं आहे. लघवीला जळजळ झाली की आपल्या घरात निदान आधीच ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, पाणी जास्त पी. त्याने बरं वाटलं नाही तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या. लघवीत रक्त दिसलं तर पाळीचं असेल, पाळी थांबायच्या वयात असंच होतं. चिकट काही गेलं तर अंगावरून पांढरं जातंय. प्रत्येक लक्षणाला आधीपासून एक ओळखीचं नाव आहे, आणि ते नाव बाईला तपासणीपासून दूर ठेवतं. पुरुषाच्या लघवीत रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी होते. बाईच्या बाबतीत महिने जातात. जंतुसंसर्ग सिद्ध न होता लघवीत रक्त गेलं, किंवा संसर्गावर उपचार होऊनही जात राहिलं, तर दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहायलाच हवं. ते रक्त लघवीतलं की पाळीचं हा संशय असेल तर नळीने घेतलेल्या लघवीची तपासणी तो काही मिनिटांत मिटवते. यासाठी मोठं इस्पितळ लागत नाही. प्रश्न विचारावासा वाटणं लागतं.

आता अंडाशयांकडे येऊ. पोटातले कॅन्सर जिथे जाऊन वाढतात अशा जागांत अंडाशयं पुढच्या रांगेत आहेत. जठर, मोठं आतडं, अपेंडिक्स, स्वादुपिंड, पित्तमार्ग, शिवाय स्तन: या सगळ्यांकडून कॅन्सरच्या पेशी अंडाशयांत येतात. कधी रक्तातून, कधी लसिकावाहिन्यांतून, कधी पोटाच्या पोकळीतल्या द्रवातून उतरून. तिथे त्यांना चांगलं मानवतं. मूळ जागची गाठ सुपारीएवढी आणि अंडाशयातली नारळाएवढी, असंही होतं. मग बाई येते ती पोट फुगल्याची, ओटीपोटात जड वाटल्याची तक्रार घेऊन. सोनोग्राफीत अंडाशयाची मोठी गाठ दिसते, आणि सगळ्यांची नजर तिथेच खिळते.

या चकव्याला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे. १८९६ मध्ये फ्रीड्रिख क्रुकेनबर्ग या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरने अंडाशयाच्या एका विशिष्ट गाठीचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन्ही बाजूंना होणारी, घट्ट, आत श्लेष्माने फुगलेल्या पेशी असलेली. ही अंडाशयातच जन्मणारी गाठ आहे असं त्याने ठरवलं. वर्णन अचूक होतं, निष्कर्ष उलटा. १९०२ मध्ये श्लागेनहाउफर यांनी दाखवून दिलं की या गाठी बाहेरून, मुख्यतः जठरातून येतात. क्रुकेनबर्ग पुढे नेत्रतज्ज्ञ झाला, पण गाठीला त्याचंच नाव चिकटलं आणि आज ते नाव नेमकं बाहेरून आलेल्या कॅन्सरसाठी वापरलं जातं. मला हा इतिहास विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावासा वाटतो. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसालाही अंडाशय फसवू शकलं, कारण त्याच्या टेबलावर अंडाशयच होतं, जठर नव्हतं.

पॅथॉलॉजीच्या टेबलावर आजही तेच घडू शकतं. फॉर्मॅलिनच्या डब्यातून गाठ बाहेर काढावी, वजन करावं, लांबी-रुंदी मोजावी, बाहेरच्या आवरणावर कुठे फाटलंय का, कुठे बारीक दाणे आहेत का ते बघावं, मग सुरी फिरवावी. आतून लहानमोठे कप्पे उघडतात आणि डिंक पाण्यात भिजून फुगावा तसा पिवळट, लवचीक ऐवज बाहेर येतो. सुरीला चिकटतो, हातमोज्यांवरून घसरतो, धुवून निघत नाही. सोबतच्या फॉर्मवर एक ओळ: 'उजव्या अंडाशयाची गाठ'. वय आहे, नाव आहे. लघवीबद्दल एक अक्षर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली उंच, श्लेष्म भरलेल्या पेशींच्या रांगा दिसतात. काही भाग तर इतके शांत आणि नीटस दिसतात की साध्या, निरुपद्रवी गाठीचे वाटावेत. बाहेरून आलेला श्लेष्मल कॅन्सर अंडाशयात हे सोंग उत्तम वठवतो. त्यामुळे स्लाइडवरून 'अंडाशयाचा श्लेष्मल कॅन्सर' असा रिपोर्ट लिहिण्याचा मोह होतो, आणि समोरच्या कागदाने दुसरं काही सुचवलेलं नसतं.

२००३ मध्ये अमेरिकेतले सायडमन, कर्मन आणि रॉनेट यांनी अंडाशयातल्या श्लेष्मल कॅन्सरची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त बाहेरून आलेले निघाले. त्यांनी एक सोपा निकष सुचवला: गाठ दोन्ही बाजूंना असेल, किंवा एकाच बाजूला पण १० सेंटिमीटरहून लहान असेल, तर ती बाहेरची धरून चाला. त्यांच्या मालिकेत या निकषाने दहांपैकी नऊ गाठींची बरोबर वर्गवारी झाली. तो उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. मोठ्या आतड्याकडून आलेल्या गाठी तो वरचेवर मोडतात. एकाच बाजूला, चांगल्या मोठ्या होऊन बसतात. युरेकसचा कॅन्सर त्याच जातकुळीचा आहे.

जातकुळी एकच असल्याने रंगाच्या विशेष तपासण्याही हात आखडता घेतात. सीके-२० आणि सीडीएक्स-२ ही आतड्याच्या पेशींची चिन्हं युरेकसच्या कॅन्सरमध्येही उमटतात. सीके-७ कधी दिसतं, कधी नाही. मोठ्या आतड्याच्या पुष्कळ कॅन्सरमध्ये बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जमतं, युरेकसच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा पेशीच्या कडेलाच राहतं; हा एक आधार. रक्तातल्या सीईए, सीए १९-९, सीए-१२५ या तपासण्या दोन्हीकडे वाढलेल्या असू शकतात. थोडक्यात, प्रयोगशाळा 'हे आतड्यासारखं दिसतंय' इथवर आणून सोडते. पुढचं उत्तर रुग्णाच्या हकिकतीत आणि स्कॅनमध्ये असतं. कोलोनोस्कोपी केली, आतडं स्वच्छ निघालं. जठर पाहिलं, तेही स्वच्छ. मग मूत्राशयाच्या माथ्याकडे नजर गेली पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये मध्यरेषेवर, मूत्राशय आणि बेंबी यांच्या मधे, श्लेष्मामुळे काळसर दिसणारी गाठ आणि तिच्यात चुन्याचे ठिपके दिसले तर ते चित्र बरंच बोलकं असतं. अनेकदा ते चित्र पहिल्याच स्कॅनमध्ये असतं. बघणाऱ्याला अंडाशयाबद्दलच विचारलं गेलेलं असतं.

मूळ ठाव कळण्याने काय फरक पडतो, असा प्रश्न नातेवाईक विचारतात, आणि तो रास्त आहे. फरक उपचारांच्या मुळाशी पडतो. अंडाशयाचा कॅन्सर समजून शस्त्रक्रिया झाली तर पिशवी, दोन्ही अंडाशयं, चरबीचा पडदा काढला जातो आणि कॅन्सरचा उगम मात्र मूत्राशयावर तसाच राहतो. त्यानंतर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही अंडाशयाच्या कॅन्सरची नेहमीची जोडी दिली जाते. युरेकसच्या कॅन्सरला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या धर्तीवरची औषधं, फाइव्ह-एफयू आणि तिच्यासोबत ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन, दिली जातात. मोठ्या तुलनात्मक चाचण्या यावर झालेल्या नाहीत. इतके रुग्ण एकत्र आणणंच अवघड आहे. जे ज्ञान आहे ते मोठ्या केंद्रांनी वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदींमधून आलं आहे.

आजार मूळ जागीच असेल तर शस्त्रक्रिया बरं करू शकते, पण ती नीट आखलेली हवी. मूत्राशयाचा माथा, संपूर्ण युरेकस, आजूबाजूची चरबी आणि पोटाच्या आवरणाचा भाग आणि वर थेट बेंबी, हे सगळं एकसंध काढावं लागतं. बेंबी कशाला, असं वाटून ती ठेवली तर वरच्या टोकाला आजार उरण्याची भीती असते. एखाद्या बाईला 'तुमची बेंबी काढावी लागेल' हे सांगणं डॉक्टरांना क्षुल्लक वाटतं, तिला ते क्षुल्लक नसतं. नऊवारी असो की पाचवारी, अंगावर जन्मापासून असलेली खूण जाणार असते. प्लास्टिक सर्जन नवी बेंबी घडवू शकतात, हे तिला शस्त्रक्रियेच्या आधी सांगावं. सगळ्या अवस्था धरून पाच वर्षांनी साधारण निम्मे रुग्ण हयात असतात. दूरवर पसरलेल्या आजारात बहुतेकदा एक-दोन वर्षांचा हिशेब करावा लागतो. पण प्रसार फक्त अंडाशयांपुरता असेल आणि दोन्हीकडची गाठ पूर्ण निघाली असेल, अशा निवडक स्त्रिया त्याहून जास्त काळ चांगल्या राहिल्याचे वृत्तांत आहेत. म्हणून 'पसरलाय, आता काय' असं म्हणून फाइल मिटू नये.

ही पुस्तिका दोन वाचकांसाठी आहे आणि दोघांनी ती एकमेकांच्या खांद्यावरून वाचावी अशी इच्छा आहे. पहिला वाचक तालुक्याच्या गावातला डॉक्टर, ज्याच्याकडे बाई सर्वांत आधी येते. दुसरा वाचक तिच्या घरातलं माणूस, बहुधा मुलगा किंवा मुलगी, हातात रिपोर्टची पिशवी घेऊन परळला टाटाच्या दारात किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या इस्पितळात उभं असलेलं. या दुसऱ्या वाचकाला काही साध्या गोष्टी माहीत हव्यात. रिपोर्टचा कागद पुरेसा नसतो. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत, ते मिळतात. ब्लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्यातून पुन्हा पुन्हा पातळ काप काढून नव्या तपासण्या करता येतात. मे महिन्यात ते बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत. पहिल्या शस्त्रक्रियेआधीचा सीटी स्कॅन, केवळ त्याचा रिपोर्ट नव्हे तर सीडी, जपून ठेवावी, कारण शस्त्रक्रियेनंतर चित्र बदलतं. आणि आईला शांतपणे, एकांतात विचारावं: लघवीतून कधी रक्त गेलं होतं का, चिकट काही गेलं होतं का, बेंबीतून कधी पाणी किंवा पू आला होता का. परक्या डॉक्टरसमोर पंधरा जणांच्या रांगेत ती हे सांगणार नाही.

डॉक्टर वाचकाला एक मागणं आहे. दुर्मिळ रुग्ण एकट्याने हाताळू नये. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ मध्ये उभं राहिलं. त्याच्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डात लहान गावातल्या केंद्रालाही अवघड रुग्णाची चर्चा घडवून आणता येते. युरॉलॉजिस्ट, स्त्रीरोग-कॅन्सरतज्ज्ञ, औषधोपचार करणारे, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच वेळी एकाच स्कॅनकडे पाहतात तेव्हा युरेकसला कुणीतरी वाली मिळतो.

उलट दिशेची एक गोष्ट पुढच्या प्रकरणांत विस्ताराने येते. ज्या स्त्रीच्या युरेकसच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झाली आहे, तिच्या अंडाशयात काही काळाने नवी गाठ दिसू शकते. तोवर ती दुसऱ्या शहरात गेलेली असते, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दाखवत असते, पोटावरच्या जुन्या टाक्यांना 'मूत्राशयाचं ऑपरेशन' म्हणते. पाळी चालू असलेल्या तरुण बाईची अंडाशयं पहिल्याच शस्त्रक्रियेत काढून टाकावीत असा सरसकट नियम नाही आणि तसा तो असूही नये. त्या वयात अंडाशयं गेली तर हाडं आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. पण तिच्या तपासण्यांत ओटीपोटाचा स्कॅन वर्षानुवर्षं राहायला हवा, आणि तिच्या डिस्चार्ज कार्डावर मूळ आजाराचं नाव मराठीतही लिहून द्यायला हवं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला ते ती स्वतः सांगू शकेल.